सातबाऱ्यावरची पडीक

खाडीकाठच्या पाणथळीत पडलेल्या मातीच्या भरावावर या आठवड्यात जामसंड्यात बोलायचं कोणी बाकी राहिलं नाही. मला संताप आला तो एका वाक्याचा. “सातबाऱ्यार पडीक आसा, भराव घातलो तर तुमचा काय गेला?” चांगली शिकली-सवरलेली माणसंही तेच म्हणतात.

सातबारा हा महसुलाचा कागद. जमीन कोणाची, पीक कोणतं, आकार किती, एवढं तो सांगतो. आषाढात व्हाळाचं पाणी कुठे पसरतं, उधाणाची भरती कुठवर चढते, कोळंबीची पिल्लं कुठे वाढतात, यासाठी त्यात रकानाच नाही. रकाना नाही म्हणून पाणी यायचं थांबतं का? पडीक म्हणणाऱ्याने एकदा ओहोटीला तिथे उतरावं. गुडघाभर चिखलात बायका खुबे वेचत असतात. ज्या जागेवर त्यांची चूल पेटते ती पडीक कशी? पावसाचं पाणी अशा सखल जागी पसरतं, म्हणून वरच्या वाडीत शिरत नाही. याची नोंद कुठला तलाठी करणार?

“आम्ही झाड एकही तोडलं नाही,” अशी पुरवणीही जोडली जाते. कांदळवनातल्या चिपीची श्वसनमुळं चिखलातून वर डोकावतात, झाड त्यांतून हवा घेतं. त्यांवर मातीचा थर बसला की झाड उभ्या उभ्या गुदमरतं. कोयता लागतच नाही. याच पांढऱ्या चिपीला महाराष्ट्राने २०२० साली राज्याचा कांदळवृक्ष म्हणून मान दिला आहे.

मालकीचा मुद्दा तर निकालात निघालेला आहे. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ मध्ये कांदळवनाच्या सर्व बाजूंनी ५० मीटरपर्यंत बांधकामाला मनाई केली, जमीन कोणाचीही असो. त्याच वर्षी नवी मुंबईत सीवूड्सच्या पाणथळीवर गोल्फ कोर्स आणि निवासी संकुल उभारण्याचा मार्ग याच न्यायालयाने रोखला. त्यासाठी तिथल्या नागरिकांना कोर्टाची पायरी चढावी लागली.

रोजगार, विकास, ‘सगळेच भरतात’ या सबबींवर मी शाई घालवत नाही.

भरावावर शेवटी काय येणार? इमारत आणि तिच्याभोवती पेव्हर ब्लॉक. त्यांच्याविषयी मी पूर्वीही लिहिलं आहे आणि लिहीत राहणार. कोकणात पावसाचं पाणी मुरू न देणारं अंगण असूच नये.

जमीन ज्याची त्याची, हे मान्य. पाण्याची वाट मात्र सगळ्या गावाची. ती अडवली की पाणी शेजाऱ्याच्या पडवीत शिरतं. आपल्या नफ्याची किंमत दुसऱ्याच्या उंबऱ्यावर टाकणं याला माझ्या आजीच्या काळी सरळ पाप म्हणत. मीही तेच म्हणतो.

घरं बांधू नयेत असं माझं म्हणणं नाही. पोरांना घरं हवीत आणि गावात उंचावरची जागाही आहे. तिथे बांधा, फक्त अंगणात ते पेव्हर ब्लॉक नकोत. सड्यावर बांधतानाही जपावं लागतंच, पण त्यावर पुन्हा कधीतरी.

तोवर भरावावरचा फ्लॅट विकायला कोणी आला, तर त्याला एवढंच विचारा: इथल्या तळमजल्यावर तुम्ही तुमच्या आईवडिलांना ठेवाल का?