चालू आणि दुरुस्त

'दुरुस्त' हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला. मुळात त्याचा अर्थ 'योग्य', 'धड', 'शाबूत' असा आहे; बंद पडलेली वस्तू पुन्हा हलू लागली, एवढाच नव्हे. जुन्या वॉशिंग मशीनविषयी विचार करताना हा शब्द मला वारंवार अडवतो. यंत्र चालू होणे निराळे आणि दुरुस्त होणे निराळे, ही गोष्ट या ओल्या, घरगुती, कोणाच्याही कौतुकाचा विषय नसलेल्या वस्तूने मला जितकी स्पष्ट करून दाखविली, तितकी नीतिशास्त्रावरच्या ग्रंथांनी दाखविली नाही.

अमेरिकेत आयोवा राज्यात न्यूटन नावाचे एक लहानसे गाव आहे. शेतीची अवजारे बनविणाऱ्या तेथील मेटॅग कंपनीने १९०७ साली कपडे धुण्याचे पहिले यंत्र काढले. कपडे पिळण्यासाठी वर दोन रुळ बसविलेली तिची यंत्रे १९८३ पर्यंत तयार होत होती. १९६७ साली या कंपनीने एक जाहिरात सुरू केली. तीत तिचा दुरुस्ती कामगार गणवेश चढवून कचेरीत एकटाच बसलेला असे, कारण यंत्रे बिघडतच नाहीत आणि त्याला कोणी बोलावीतच नाही! जाहिरात फार गाजली. पुढे २००६ साली कंपनी व्हर्लपूलने विकत घेतली आणि पुढच्याच वर्षी न्यूटनचा कारखाना बंद झाला.

ही जाहिरात चतुर होती, पण तिने त्या यंत्रांचा खरा गुण झाकला असे मला वाटते. ती बिघडत नव्हती असे नाही. जिथे घर्षण आहे तिथे झीज आहे. पट्टा सैल पडतो, रबर कडक होऊन तडकते, पाण्याचा पंप गळू लागतो. त्यांचा गुण असा, की ती उघडता येत. मोटर, पट्टा, दातेरी चक्रांची पेटी, रुळ, सारे डोळ्यांना दिसणारे आणि पान्याला सापडणारे. म्हणून आजही तिकडचे हौशी लोक तीन मोडक्या यंत्रांतून एक धडके यंत्र उभे करतात. ते यंत्र मग कोणते, पहिले की तिसरे, असा प्रश्न कोणी विचारील. 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथात नागसेनाने मिलिंद राजाला रथाविषयी असाच पेच घातला होता: दांडी म्हणजे रथ का, आस म्हणजे रथ का, चाके म्हणजे रथ का? प्रश्न सुंदर आहे; पण ज्या बाईपुढे चादरींचा ढीग पडला आहे तिला तो सुचत नाही.

याउलट आजच्या कित्येक यंत्रांत बाहेरची टाकी प्लॅस्टिकचे दोन भाग वितळवून सांधलेली असते. आतले बेअरिंग गेले तर टाकीच बदलावी लागते, आणि टाकीची किंमत ऐकून माणूस नवे मशीन घेतो. युरोपीय संघाने मार्च २०२१ पासून असा नियम केला, की एखाद्या नमुन्याचे शेवटचे यंत्र बाजारात आल्यावरही निदान दहा वर्षे त्याचे सुटे भाग मिळाले पाहिजेत. नियम चांगला आहे. पण भाग मिळाला म्हणजे प्रश्न सुटला, असे मात्र नाही.

जुन्याची आरती ओवाळणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. त्या पिळण्याच्या रुळांत हात सापडून इतक्या जखमा होत, विशेषतः मुलांना, की डॉक्टरांनी १९३८ च्या सुमारास त्या इजेला 'रिंगर आर्म' असे स्वतंत्र नावच दिले. यंत्र टिकाऊ होते, तसा त्याचा धोकाही टिकाऊ होता.

आपल्याकडे त्या रुळांची जागा 'ड्रायर'ने घेतली. अमेरिकेतला ड्रायर गरम हवेने कपडे वाळवितो आणि त्याच्या जाळीत साठलेला तंतूंचा केर वेळोवेळी काढला नाही तर पेट घेऊ शकतो. आपण ड्रायर म्हणतो ते दोन टाक्यांच्या मशीनमधले शेजारचे फिरते भांडे. उरलेले काम सूर्यनारायणाकडे. हे भांडे मिनिटाला हजाराहून अधिक फेरे घेते. झाकण उचलले की एक स्विच वीज तोडतो आणि एक तार ब्रेक लावते. वर्षे गेली की तार गंजते, खालचे रबरी सील गळून पाणी मोटरवर ठिबकते, उंदीर वायरी कुरतडतात, आणि एक दिवस तो स्विच जातो. मग भांडे फिरतच नाही.

आमच्या तालुक्याच्या गावी एक मेकॅनिक आहे, माझाच जुना विद्यार्थी. एका म्हातारबाईंचे वीस वर्षांचे मशीन त्याच्याकडे आले होते. तो म्हणाला, "गुरुजी, या मॉडेलचा स्विच आता येत नाही. सगळे करतात तसे डायरेक्ट करून दिले तर मशीन अजून पाच वर्षे जाईल. नाही दिले तर आजी ते भंगारात घालतील आणि सुजलेल्या मनगटांनी धोतरे-चादरी पिळत बसतील. तुम्हीच सांगा, यात पाप कशात आहे?"

त्याचा युक्तिवाद लेचापेचा नव्हता. दया त्याच्या बाजूने होती. आजींना सांगून त्यांच्या संमतीने डायरेक्ट केले तर काय बिघडले, असेही तो म्हणाला. पण संमती द्यायची कोणी? वीस वर्षांत त्या घरातल्या प्रत्येक हाताला एक गोष्ट ठाऊक झाली आहे, की झाकण उघडले म्हणजे भांडे थांबते. दिवाळीच्या सुटीत आलेल्या नातवाच्या हातालाही ती ठाऊक आहे. डायरेक्ट केलेले मशीन बाहेरून तसेच दिसते. झाकण तसेच उघडते. फक्त ते खोटे बोलू लागलेले असते. मी त्याला एवढेच म्हटले, "तू चालू करून देशील. दुरुस्त कसे म्हणशील?"

तो हसला. म्हणाला, "दुसऱ्या कंपनीचा स्विच बसतो की. पत्र्याची पट्टी कापून, भोके पाडून. पण संध्याकाळ जाते, गुरुजी. लोक पार्टचे पैसे देतात, हाताचे देत नाहीत."

माझ्यापाशी याला उत्तर नव्हते, अजूनही नाही. न्यूटनपासून आमच्या एस.टी. स्टँडपर्यंत सगळा प्रश्न शेवटी त्या एका संध्याकाळपाशी येऊन थांबतो. ती कोणी विकत घ्यायची? आजींनी, कारखानदाराने, की त्याने स्वतःच्या पोटातून?

दोन दिवसांनी त्याने भंगारातल्या एका मशीनचा स्विच काढून बसविला, ब्रेकची तार बदलली, आणि झाकण दहा वेळा उघडून पाहिले. दीडशे रुपये सांगितले. आजी म्हणाल्या, "एवढ्याशा बटणाचे?" आणि शंभराची नोट त्याच्या हातावर ठेवली.