उड्या मारून वाढलेली लेव्हल



देहूरोडच्या आपल्या मुलांना विचारा, ‘कितवी लेव्हल?’ उत्तर तयार असते. २००६ साली आलेल्या ‘ऑब्लिव्हियन’ या गेममध्ये निवडलेली ७ मुख्य कौशल्ये मिळून १० वेळा वाढली आणि वीर झोपला, की लेव्हल वाढे. ‘उडी’ मुख्य कौशल्यांत घेतली, तर नुसत्या उड्या मारूनसुद्धा! पण त्याच्याबरोबर शत्रूही बलवान होत. तलवारीचा सराव नसलेला वीर मग वरच्या लेव्हलवर मार खाई.

आपणही प्रथम कम्युनियन, दृढीकरण, विवाह असे टप्पे मोजतो. वयाबरोबर परीक्षाही मोठ्या होतात. वाटणीवरून भावाशी अबोला येतो, तेव्हा क्षमेचा सराव कुठे असतो? प्रभूने तो रोजच्या प्रार्थनेतच घातला आहे. माझ्याच घरी एक फोन करायचा राहिला आहे. आज मिस्सानंतर करीन.