कापलेला हात कुठे असतो?

अजिंठ्याच्या दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात क्षांतिवादी जातकाचे चित्र आहे. बराचसा रंग गळून गेला आहे. तलवार घेऊन बसलेला राजा आणि त्याच्या पायाशी वाकून गयावया करणारी स्त्री एवढे ओळखू येते. आर्यशूराच्या ‘जातकमाले’तले श्लोक तिथेच रंगवलेले असल्याने कथेबद्दल शंका उरत नाही. अंतःपुरातल्या स्त्रिया एका तपस्व्याचा उपदेश ऐकत बसल्या म्हणून राजा खवळतो आणि त्याचे हातपाय, नाक-कान तोडतो. पाली कथेतला तपस्वी त्याला सांगतो, की माझी क्षमा तू हातापायांच्या टोकाशी शोधतो आहेस, ती तर फार आत आहे.

क्षमेचे राहू द्या. हात तरी हाताच्या टोकाशी असतो का?

अवयव गमावलेल्या बहुतेकांना तो नंतरही जाणवतो. नसलेल्या बोटांना खाज सुटते, मुंग्या येतात, मूठ इतकी आवळलेली वाटते की नखे तळव्यात रुततात. अमेरिकी यादवी युद्धातले जखमी तपासणाऱ्या सायलस वेअर मिचेल यांनी 1871 मध्ये याला ‘फँटम लिंब’ म्हटले. मेंदूच्या पृष्ठभागावर शरीराचा नकाशा असतो आणि त्यात हाताच्या शेजारी चेहरा येतो. 1990च्या दशकात व्ही. एस. रामचंद्रन यांनी हात गमावलेल्या रुग्णाच्या गालाला स्पर्श केला, तेव्हा त्याला तो नसलेल्या अंगठ्यावर जाणवला. त्याआधी 1991 मध्ये टिम पॉन्स आणि सहकाऱ्यांना, हाताच्या संवेदना अनेक वर्षे तुटलेल्या माकडांमध्ये मेंदूचा हाताचा भाग चेहऱ्याच्या स्पर्शाने जागा होताना दिसला. यावरून सिद्धान्त उभा राहिला: जमीन पडीक दिसली, शेजाऱ्याने बांध सरकवला. वेदना या अतिक्रमणातून येते, म्हणून आरशात शाबूत हाताचे प्रतिबिंब दाखवून मेंदूला फसवायचे आणि जुना नकाशा परत आणायचा.

सिद्धान्त सुबक होता आणि माझ्या मते त्या सुबकपणामुळेच तो इतका टिकला. रुग्ण तर पहिल्यापासून म्हणत होते, की हात आहे आणि त्याची बोटे हलवता येतात. जमीन शेजाऱ्याने खाल्ली असेल, तर बोटे हलवतो कोण?

2025 मध्ये ‘नेचर न्यूरोसायन्स’मध्ये आलेल्या अभ्यासाने हा प्रश्न नीट विचारला. केंब्रिजच्या टमार मेकिन आणि सहकाऱ्यांनी तीन जणांचे मेंदू हात कापण्याआधी आणि नंतरही तपासले, एकाचे तर पाच वर्षांपर्यंत. आधी खरी बोटे हलवायला सांगितली, नंतर नसलेली. नकाशा जवळजवळ तसाच निघाला आणि ओठांचा प्रदेशही पसरलेला नव्हता. तिघेच होते, हे खरे. पण त्याच माणसाचे आधीचे चित्र हाताशी असणे, ही सोय आधीच्या अभ्यासांत नव्हती. मेंदू बदलतच नाही, असा याचा अर्थ मुळीच नाही. जन्मतः एक हात नसलेली माणसे तोंडाने, पायाने कामे करतात, आणि त्यांच्या मेंदूतला हाताचा प्रदेश त्या अवयवांसाठी जागा होतो. एकदा घडलेला नकाशा मात्र सहजी पुसला जात नाही.

मुंबईत 2014 मध्ये घाटकोपर स्थानकावर दोन्ही हात गमावलेल्या तरुणीला 2020च्या ऑगस्टमध्ये, साडेसहा वर्षांनी, चेन्नईहून विमानाने आणलेले हात परळच्या रुग्णालयात जोडले गेले. जोडलेली नस दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढते, म्हणजे दंडापासून बोटांपर्यंत वर्षाहून अधिक काळ लागतो. मेंदूत हाताची जागा उरतच नसती, तर इतक्या वर्षांनी असा खटाटोप करण्यात काय अर्थ होता?

आपली व्यवस्था अजून राजाच्याच नजरेने पाहते. दिव्यांगत्वाची टक्केवारी मुख्यतः अवयव कुठून कापला यावर ठरते. कृत्रिम हातपाय बसवण्याचे काम आपण चांगले करतो. पुण्याचे लष्कराचे कृत्रिम अवयव केंद्र 1944 पासून आहे, हाजीअलीची पुनर्वसन संस्था 1955 पासून. पण कडबाकुट्टीत हात गेलेला सिल्लोडकडचा शेतकरी किंवा मधुमेहाने पाय कापावा लागलेली आजी जेव्हा म्हणते, ‘नसलेल्या पायात गोळा येतो’, तेव्हा घरचे एकमेकांकडे पाहतात. कुणी बाहेरचे बघायला सुचवतो. पुढच्या वेळी आजी गप्प बसते. नकाशा शाबूत असेल, तर दुखण्याचे मूळ नुसते मेंदूत शोधून भागणार नाही. कापलेल्या नसांच्या टोकांकडे, शस्त्रक्रियेच्या वेळीच त्यांचे काय केले याकडे बघावे लागेल. तुटलेली नस उरलेल्या स्नायूला जोडून देण्याची शस्त्रक्रिया आज होते. तिची माहिती रुग्णाला अवयव कापण्याआधी मिळायला हवी, नंतर नव्हे.

घरात असे कुणी असेल, तर विचारा: हात आता कुठे वाटतो, मूठ उघडी आहे की आवळलेली, बोटे हलतात का? जे उत्तर येईल ते डॉक्टरांना जसेच्या तसे सांगा आणि दुखत असेल तर पेन क्लिनिकची चिठ्ठी मागून घ्या.