जात्यावर काच

ट्रॅक्टरची पत्र्याची सीट, ती पेलणारी वाकवलेली पोलादी पट्टी आणि खाली लाकडाचा एक आडवा दांडा. १९५७ साली अकिले आणि पिएर जाकोमो कास्तिल्योनी या इटालियन भावांनी एवढ्यावर दिवाणखान्यातलं स्टूल उभं केलं. नाव ठेवलं ‘मेत्सादरो’, म्हणजे अर्धेलीनं शेत कसणारा. इटलीत तेव्हा ती पद्धत चालू होती. नव्या करारांवर बंदी आली ती १९६४ मध्ये. अर्धं पीक मालकाच्या घरी पोचवणारा माणूस हयात होता आणि त्याच्या नावावर शहरातले लोक आरामात बसणार होते. हा त्याचा मान की त्याची गंमत?

मी मान म्हणेन. सीट इथेही सीटच राहते, कसणाऱ्याची बैठक आपल्या अंगाला कळते. याच भावांच्या १९६२ च्या ‘आर्को’ दिव्याला सुमारे ६५ किलोचा संगमरवरी ठोकळा आहे. त्यात आरपार एक भोक आहे, झाडूचा दांडा घालून दोघांना तो उचलता यावा म्हणून. शोभेच्या वस्तूतसुद्धा हमालाचा विचार!

आपल्याकडे या खेळात सध्या जातं आहे. जुन्या बाजारातून आणायचं, खुंटा काढायचा, वर गोल काच ठेवायची की झालं सेंटर टेबल. काळा खडबडीत दगड आणि गुळगुळीत काच, दिसतं देखणं, खोटं कशाला बोलू. पण काचेखाली जातं फिरत नाही. हेमा राईरकर आणि गी प्वातव्हाँ यांच्या पुढाकारानं गावोगावी लाखाहून जास्त ओव्या नोंदल्या गेल्या. बायांनी त्या म्हटल्या होत्या याच दगडाच्या घरघरीवर, दळता दळता. खुंटा काढला की तिथला हातच पुसला जातो, असं माझं म्हणणं.

आजीला हे ऐकवलं तर ती वैतागली. “तुला ओव्या दिसतात बाई, मला खांदा आठवतो. ठेवा की त्याच्यावर कप. त्यानं काय उपकार केलेत आमच्यावर?”

तिला जातं विसरायचंय, आणि तो हक्क तिनं पहाटे उठून उठून कमावलाय. काच बसवणाऱ्या आम्हा नातवंडांना तो आयता कसा मिळेल? टेबल करू नका असं मी म्हणत नाही. काचेच्या काठाशी एक भोक पाडा आणि खुंटा परत ठोका. कप ठेवताना मध्ये येईल, येऊ दे.