साक्ष की पुरावा? : मौखिक इतिहासातील एक नैतिक पेच

1936 च्या डिसेंबर महिन्यात फैजपूर येथे राष्ट्रीय सभेचे पन्नासावे अधिवेशन भरले. शहर सोडून खेड्यात भरलेले हे पहिले अधिवेशन. जवाहरलाल नेहरूंचे अध्यक्षीय भाषण, तेथे संमत झालेला शेतीविषयक कार्यक्रम, गांधीजींच्या हस्ते उघडलेले खादी-ग्रामोद्योगांचे प्रदर्शन, नंदलाल बोस यांनी बांबूसारख्या साध्या साहित्यातून साधलेली नगराची शोभा, धनाजी नाना चौधरी यांच्यासारख्या स्थानिक कार्यकर्त्यांचे परिश्रम या सर्वांची कागदोपत्री नोंद आहे. इतिहासाच्या अभ्यासकाला तीत उणे काही भासत नाही. परंतु शेजारच्या सावद्याच्या ओट्यांवर बसून पाहिले, तर या नोंदीत बरेच काही नाही असे दिसते. हजारो माणसांच्या जेवणाचे दळण कोणी दळले? पाणी कोणी वाहिले? त्या पंक्तींत कोण कोणाशेजारी बसले आणि कोण बाहेर राहिले? ही माहिती कोठे राहिली असेल तर ती स्मरणात. आणि 1936 साली दहा वर्षांची असलेली मुले आज शंभरीला टेकली आहेत. जे विचारायचे होते ते विचारण्याची मुदत बहुतांशी संपली आहे.

मौखिक इतिहासाची आवश्यकता पटवून देण्यासाठी एवढे पुरेसे आहे, आणि सामान्यतः तेवढ्यावरच थांबले जाते. सामान्यांच्या आठवणी नोंदवाव्यात, कारण त्या नष्ट होत आहेत, हे म्हणणे रास्त असले तरी त्यात एक गृहीतक दडलेले आहे. आठवण ही जणू जमिनीत पुरलेली वस्तू असून ती वेळेवर उकरून काढली की काम झाले, असे ते गृहीतक होय. प्रत्यक्षात आठवण कोणीतरी कोणाला तरी सांगत असते. सांगणाऱ्याने आपल्यावर ठेवलेल्या विश्वासाचे ऐकणाऱ्याने काय करायचे, हा प्रश्न कार्यपद्धतीचा म्हणून संशोधन-प्रस्तावाच्या एखाद्या परिच्छेदात उरकला जातो. तो मुळात नैतिक प्रश्न आहे.

एक कल्पित उदाहरण घेऊ. सावदा परिसरातील एक वृद्धा सांगते की, फैजपूरच्या अधिवेशनात गांधीजींनी इंग्रजांना चालते होण्यास सांगितले, आणि त्याच रात्री तिच्या वडिलांना पोलिसांनी धरून नेले. ‘चले जाव’चा ठराव 1942 च्या ऑगस्टमधला, मुंबईचा. म्हणजे या बाईच्या स्मरणात सहा वर्षांचे अंतर पुसले गेले आहे आणि दोन घटनांची एक घटना झाली आहे. संकलकाने काय करावे?

जुन्या शिस्तीचे उत्तर सरळ आहे. ही शिस्त खानदेशाला परकी नाही. वि. का. राजवाडे यांची अखेर 1926 मध्ये धुळ्यात झाली आणि त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ तेथेच उभे राहिले. मागाहून रचलेल्या बखरीपेक्षा घटनेच्या वेळचे अस्सल पत्र श्रेष्ठ, ही राजवाड्यांची धारणा मराठी इतिहाससंशोधनाच्या हाडीमाशी खिळली आहे. तिच्या निकषावर या वृद्धेचे कथन बखरीच्याही खालचे ठरते. कारण बखरकाराने निदान काही कागद चाळलेले असतात. कथन चुकीचे, सबब बाद.

नव्या शिस्तीचे उत्तर इटालियन अभ्यासक आलेस्सांद्रो पोर्तेल्ली यांच्याकडून आले. तेर्नी या पोलाद-कारखान्याच्या गावी लुईजी त्रास्तुल्ली हा तरुण कामगार 1949 साली ‘नाटो’विरोधी निदर्शनात पोलिसांच्या गोळीबारात मारला गेला. पुढे अनेक कामगारांनी तो मृत्यू 1953 च्या कामगार-कपातीविरुद्धच्या संघर्षातला म्हणून सांगितला. पोर्तेल्लींनी ही चूक फेकून दिली नाही. चुकीतच अर्थ आहे असे त्यांनी दाखवले. तो मृत्यू त्या गावाला जेथे अर्थपूर्ण वाटला, तेथे स्मरणाने त्याला नेऊन ठेवले. या दृष्टीने पाहता सावद्याच्या वृद्धेचे कथनही बोलके ठरते. तिच्या घराच्या दृष्टीने स्वातंत्र्यचळवळ ही एकच घटना होती. ती गावाजवळ सुरू झाली आणि बाप उचलला गेला तेव्हा उंबरठ्याच्या आत आली. सहा वर्षांचे अंतर दिल्ली-मुंबईच्या कालगणनेतले आहे.

हे विवेचन मार्मिक आहे यात शंका नाही. गेल्या काही दशकांत आपल्याकडेही त्याचे अनुकरण झाले, आणि ‘स्मृतीचे राजकारण’ हा शब्दप्रयोग प्रबंधांच्या शीर्षकांत इतका रुळला की त्याचा अर्थ विचारणे अप्रस्तुत वाटू लागले. पोर्तेल्ली स्वतः आपल्या निवेदकांशी बरोबरीच्या नात्याने बोलण्याचा आग्रह धरणारे अभ्यासक आहेत. मात्र त्यांची पद्धत उचलणाऱ्यांच्या हाती तिचे काय होते, हे तपासले पाहिजे. वृद्धा सांगते, ‘असे घडले’. अभ्यासक मान डोलावतो, आणि मनात नोंद करतो की ‘असे घडले असे हिला वाटते, हे लक्षणीय आहे’. तिने एक विधान केले आणि त्याने ते लक्षण म्हणून घेतले. वैद्य रुग्णाचे बरळणे ऐकतो ते त्यातील मजकुराशी सहमत वा असहमत होण्यासाठी नव्हे, तर ज्वर किती चढला आहे हे जाणण्यासाठी. जुना अभ्यासक निदान तिला ‘बाई, तुम्ही चुकता’ असे तोंडावर म्हणत होता. नवा तिला चुकण्याचाही अधिकार देत नाही. कारण त्याच्या लेखी ती काहीही बोलली तरी ते सारखेच अर्थपूर्ण. तिच्याशी वाद संभवत नाही. ज्याच्याशी वाद संभवत नाही त्याला आपण आपल्या बरोबरीचा मानत नसतो, मग आदराची भाषा कितीही वापरली तरी.

मराठीत या भेदासाठी दोन चांगले शब्द आहेत. साक्ष आणि पुरावा. पायाचा ठसा हा पुरावा असतो; तो काही म्हणत नाही. साक्ष मात्र माणूस देतो आणि ती देताना स्वतःला गुंतवतो. साक्ष खोटी ठरली तर साक्षीदाराचे काही जाते. ठशाचे काही जात नाही. मौखिक इतिहासाचा मुख्य धोका सामान्य माणसाच्या साक्षीचे पुराव्यात रूपांतर करण्यात आहे, आणि जुनी व नवी या दोन्ही शिस्ती येथे एकाच बाजूला उभ्या राहतात. एक पुरावा कच्चा म्हणून टाकते, दुसरी तोच पुरावा रंजक म्हणून ठेवते.

या संदर्भात न्यायदर्शनातील शब्दप्रमाणाची चर्चा आठवावी. न्यायसूत्रांनुसार शब्द म्हणजे आप्ताचा उपदेश. आप्त कोण, याचे उत्तर देताना भाष्यकार वात्स्यायन तीन गोष्टी पाहतो: वस्तूचे साक्षात् ज्ञान, ते जसे आहे तसे सांगण्याची इच्छा, आणि त्या इच्छेने झालेली प्रवृत्ती. पुढे तो स्पष्ट करतो की हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सर्वांना सारखेच लागू आहे. ज्या समाजात कोणाचा शब्द प्रमाण हे जातीवरून ठरत होते, तेथे एका तार्किकाने निदान सिद्धांतात तरी हे दार उघडे ठेवले होते. सावद्याच्या वृद्धेला आपल्या घरातील अटकेचे साक्षात् ज्ञान आहे. ठरावाच्या तारखेचे नाही. पहिल्या बाबतीत ती आप्त आहे, दुसऱ्या बाबतीत नाही. तेव्हा तारखेविषयी तिला विचारले पाहिजे, शंका बोलून दाखवली पाहिजे, आणि त्यावर तिचे उत्तर नोंदवले पाहिजे. ती कदाचित म्हणेल, असेल बाबा तसे. कदाचित हट्टाने आपलेच खरे करील. कदाचित सांगेल की वडिलांना दोनदा नेले होते, आणि मग अभ्यासकाचीच चूक निघेल. हा शेवटचा संभव लक्षण शोधणाऱ्या अभ्यासकाला कधीच गवसत नाही.

प्रश्न विचारण्याबरोबरच लिहून घेण्याचा प्रश्न येतो, आणि तेथे खानदेशापाशी एक असामान्य दाखला आहे. असोद्यात 1880 साली जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी यांना लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात आणि जात्यावर त्यांच्या तोंडून निघालेली गाणी पुत्र सोपानदेव आणि एका आप्ताने टिपून ठेवली. 1951 मध्ये बहिणाबाई गेल्या आणि 1952 मध्ये आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह ती पुस्तकरूपाने आली. लेखणी घरातली होती, तिला लेवा बोली ठाऊक होती, म्हणून ‘ळ’च्या जागी येणारा ‘य’ छापातही राहिला. डोळ्याचा ‘डोया’ राहिला. टिपणारा परगावचा आणि प्रमाणभाषेचा अभिमानी असता, तर त्याने ती बोली शुद्ध केली असती की नाही, हे सांगण्यासाठी फार कल्पनाशक्ती लागत नाही. जळगावला 1990 मध्ये स्थापन झालेले विद्यापीठ 2018 पासून त्यांच्या नावाने ओळखले जाते. निरक्षर स्त्रीचे नाव धारण करणाऱ्या या विद्यापीठात सादर होणाऱ्या प्रबंधांत मुलाखतींच्या संहिता कोणत्या मराठीत छापल्या जातात, हे पाहण्यासारखे आहे.

बोली राखावी हे म्हणणे सोपे. पण त्यातही पेच आहे. प्रश्न प्रमाण मराठीत आणि उत्तर बोलीत असे छापले की पानावरच दोन पायऱ्या तयार होतात. संकलकही ध्वनिमुद्रणात अडखळतो, अर्धी वाक्ये टाकतो. छापताना त्याची वाक्ये मात्र घोटीव होतात. बोलीचे जतन करायचे तर दोघांच्याही बोलण्याचे व्हावे, एवढी किमान न्यायबुद्धी अपेक्षित आहे. सर्वनामांचाही विचार करायला हवा. मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांत ऐकणाऱ्याला बाहेर ठेवणे वा आत घेणे असते. ‘आपण केळीला रात्रीचं पाणी भरायचो’ असे म्हणणारा मजूर ऐकणाऱ्याला क्षणभर बागेत उभा करतो. संहितेत त्याचे ‘आम्ही’ झाले की ते आमंत्रण मागे घेतले जाते, आणि इंग्रजी अनुवादात तर दोन्हींना एकच शब्द.

ऐकणाराही नाते जोडतोच. तो दारात उभा राहून ‘आजी’ म्हणतो, ‘मावशी’ म्हणतो. पाणी येते, मग चहा. हे नाते जोडल्याशिवाय आपल्याकडे कोणी बोलत नाही, हे खरे आहे. पण नात्याच्या बळावर जे मिळाले ते पुढे क्रमांक घातलेल्या निवेदकाच्या नावे जमा होते. आजी म्हणून तिने सांगितले, निवेदक म्हणून तिचे छापले गेले. येथे कोणी खोटे बोललेले नाही, तरी काहीतरी मोडले आहे.

नाव छापावे की झाकावे? समाजशास्त्रातील रूढी झाकण्याची आहे. मीनाक्षी मून आणि ऊर्मिला पवार यांनी आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांना गाठून त्यांच्याकडून त्यांची हकिगत मिळवली आणि 1989 साली ‘आम्हीही इतिहास घडवला’ हा ग्रंथ सिद्ध केला. तेथे नावे झाकली असती तर ग्रंथाचे प्रयोजनच संपले असते. ज्यांना इतिहासाने एकदा बेनाव केले होते त्यांना संशोधनाने दुसऱ्यांदा बेनाव केले असते. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांच्या प्रकल्पात जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमल्या, आणि परंपरेने निनावी समजल्या गेलेल्या त्या ओव्यांपुढे गाणारीचे नाव आणि गाव आले. नीरा आडारकर व मीना मेनन यांनी गिरणगावातील माणसांना बोलते केले तेव्हा गिरण्या बंद पडत होत्या. नावाची जोखीम वेगळी होती आणि नावाची गरजही.

सावद्याच्या परिसरात मात्र केळीच्या बागेत वर्षाच्या करारावर राबलेला सालदार आणि बागेचा मालक दोघेही त्याच गावात राहतात, आणि त्यांची मुलेही. एकाच बागेच्या दोन आठवणी असतात. मालकाच्या आठवणीत पहिली मोटर कधी बसली, घडाला भाव काय मिळाला, स्थानकावर वॅगन भरायला किती गाड्या लागल्या, 1972 च्या दुष्काळात विहिरीने कशी साथ दिली हे असते. सालदाराच्या आठवणीत उचल किती होती, आजारपणाचे खाडे कसे मांडले गेले, पाणी कोणत्या भांड्यातून मिळाले हे असते. पहिली आठवण नावासह छापली तर मालकाचा मान वाढतो. दुसरी नावासह छापली तर सालदाराच्या नातवाला कामावर कोण ठेवील, हा विचार त्याने बोलण्याआधीच केलेला असतो. दोघांना एकच संमतिपत्र पुढे करून समान वागणूक दिल्याचे समाधान संशोधकाला मिळते. तो कागद दोघांना सारखा जड नसतो. मुलाखत मालकाच्या ओट्यावर झाली की सालदाराच्या घरात, ही गोष्ट तर बहुतेक संहितांत लिहिलेलीच नसते. वास्तविक ती पहिल्या ओळीत हवी.

सालदार बोलत असतो. मध्येच तो थांबतो आणि म्हणतो, हे लिहू नका. यंत्र बंद होते, तो पुढचे सांगतो, आणि थोड्या वेळाने यंत्र पुन्हा सुरू होते. जे सांगितले ते लिहायचे नाही, याबद्दल दुमत असू नये. पण ‘हे लिहू नका’ हे त्याचे वाक्य तर मुद्रित झाले आहे. ते गाळले तर संहिता सलग दिसते आणि त्या बागेत न सांगण्यासारखे काही घडलेच नव्हते असे वाचकाला वाटते. ते ठेवले तर गावातला प्रत्येक वाचक पुढची जागा आपल्या अंदाजाने भरून काढतो, आणि तो अंदाज बहुधा चुकीचा नसतो. संकलकाने त्या जागी काय छापावे हे पुन्हा त्याच्याच दारात जाऊन विचारावे लागते. आणि त्या वेळी ओट्यावर दुसरे कोणी बसलेले नाही ना, ते आधी पाहावे लागते.