पिंजऱ्यातील अमानत

हजरत अनस (रजि.) यांचा धाकटा भाऊ अबू उमैर याच्याजवळ एक चिमुकला पक्षी होता. तो मेला तेव्हा उदास झालेल्या त्या मुलाशी प्रेषित मुहम्मद (स.) यांनी पक्ष्याचे नाव घेऊन मायेने विचारपूस केली. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत ही हदीस आहे, आणि घरात पक्षी पाळणे जायज असल्याचा आधार विद्वानांनी तिच्यातच शोधला आहे. मात्र जायज असणे आणि हक्क अदा होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आपल्या केळापूर तालुक्यात टिपेश्वरचे जंगल आहे. अशा रानातील झाडांच्या ढोलीतून राघूची पिल्ले काढून आणणे हा काहींना आजही निरुपद्रवी शौक वाटतो. एका प्रवासात सहाबांनी एका पक्षिणीची दोन पिल्ले उचलली. ती वर फडफडू लागली, तेव्हा तिला दुःख देणारा कोण, असे विचारून प्रेषितांनी (स.) पिल्ले परत ठेवायला लावली (अबू दाऊद). आपले देशी पोपट पाळणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानेही गुन्हा आहे. तेव्हा मुलांचा हट्ट, हे कारण पुरेसे नाही.

आता काही घरांत परदेशी इक्लेक्टस येऊ लागला आहे. हा न्यू गिनी आणि भोवतालच्या बेटांवरील वर्षावनांचा पक्षी. यातला नर हिरवा आणि मादी लाल. युरोपातील अभ्यासक कित्येक दशके त्यांना दोन निराळ्या जातीच समजत राहिले! निर्मात्याची किमया ती! असा पक्षी बाळगणाऱ्याने २०२४ च्या नियमांनुसार ‘परिवेश’ पोर्टलवर त्याची नोंद करावयाची असते. नव्याने विकत घेण्यापेक्षा, ज्याला सांभाळणे जमेनासे झाले आहे त्याच्याकडचा पक्षी रीतसर कागदपत्रांसह आपल्याकडे घेणे मला अधिक सवाबाचे वाटते.

पक्षी सकाळी रिकाम्या पोटी निघतात आणि सायंकाळी भरल्या पोटी परततात, असे तवक्कुलची शिकवण देताना प्रेषितांनी (स.) सांगितले (तिर्मिजी). पिंजऱ्याचे दार लावताच ती वाट आपण बंद करतो, आणि त्या जिवाची रोजी आपल्या हातून जाऊ लागते. मांजरीला बांधून ठेवणारी ती स्त्री आठवा. तिने खायला दिले नाही आणि सोडलेही नाही, म्हणून ती शिक्षेस पात्र ठरली.

म्हणूनच या पक्ष्याला काय लागते हे जाणून घेणे हा दीनचाच भाग आहे. त्याची आतडी लांब असतात. ताजी फळे, पालेभाज्या, मोड आलेली कडधान्ये हा त्याचा आहार. नुसत्या सूर्यफुलाच्या बियांवर तो खंगतो. जीवनसत्त्वांची औषधे मनाने देऊ नयेत. चहा, चॉकलेट आणि अ‍ॅव्होकाडो त्याला विषसमान. ईदच्या दिवशी प्रेमाने भरवलेला शीरखुर्म्याचा घासही टाळावा. नॉनस्टिक भांडे जास्त तापले तर त्याच्या वाफेने पक्षी दगावतो, म्हणून पिंजरा स्वयंपाकघरात नको. आपल्या वैशाखात पत्र्याखाली तर मुळीच नको. सावली हवी, अंगावर पाण्याचे तुषार हवेत. एकटेपणाने तो स्वतःचीच पिसे उपटू लागतो.

त्याला ‘बिस्मिल्लाह’ म्हणायला शिकवण्याची हौस अनेकांना असते. शिकवावे, पण पंख पसरलेल्या पक्ष्यांना आपली नमाज आणि तस्बीह ठाऊक असते, असे कुरआन सांगते (२४:४१). पंख पसरता येतील एवढा पिंजरा आधी घ्यावा.

हा पक्षी तीस वर्षे आणि त्याहूनही अधिक जगतो. पन्नाशीतल्या माणसाने तो घरी आणला तर पुढे त्याचे काय? उमराला जाताना महिनाभर त्याला कोण पाहील? हे घरच्यांशी बोलून ठरवावे, आणि वसीयत लिहिताना त्यात त्याच्या सांभाळाचीही एक ओळ घालावी.