आखाजीचे माहेर

चैत्र-वैशाख हा पंचांगाप्रमाणे वसंत ऋतू. पण आमच्या खानदेशातला वसंत हा कवींच्या कोकिळेचा वसंत नव्हे. पारा 42-43 अंशांवर, बोरीचे पात्र कोरडे, पऱ्हाट्या उपटलेल्या, रान नांगरून तापत पडलेले. दादर नि गहू घरात आला, बाहेरचे काम सरले, म्हणून घरातले दुप्पट. बायाबापड्या पहाटेच कुरडयांचा चीक शिजवितात, बिबड्या घालतात, आणि ऊन वर येण्याच्या आत अंगण वाळवणाने भरून जाते. अशात वैशाख शुद्ध तृतीया येते, म्हणजे आपली आखाजी. लेकी माहेरी येतात, निंबाला झोके टांगतात, गौराईची गाणी म्हणतात. पितरांच्या नावे घागर भरायची, वर डांगर नि आंबा ठेवायचा. तोवर जुनी माणसे आंबा तोंडाला लावीत नाहीत. खापरावरचे मांडे नि आमरस पानात असता प्रपंच मिथ्या आहे हे पटवून देणे मला इतकी वर्षे कीर्तन करूनही साधलेले नाही.

सज्जनहो, याच आखाजीला आमच्याकडे सालदाराचे साल संपते. उचल वळती होते, खाडे मोजतात, नवे साल ठरते. सालदारकी पूर्वीइतकी राहिली नाही, पण मोडलेलीही नाही.

अमळनेरकडे माझी पाच एकरांची लहानशी वस्ती आहे. एके वर्षी तिन्ही लेकी मुलाबाळांसह आल्या. मांडे करायला हात हवेत. पुरण भरलेला उंडा दोन्ही हातांवर झेलीत झेलीत कोपरापर्यंत वाढवायचा नि न फाटता तापल्या खापरावर टाकायचा, हे आमच्या सालदाराच्या बायकोसारखे आसपास कुणाला साधत नाही. दोन दिवस ती चुलीपुढे होती. मी सहज विचारले, "बाई, तू नाही का गेलीस माहेरी?" खापरावरची नजर न काढता ती म्हणाली, "मनी माय वाट देखी ऱ्हायनी, महाराज. पन तुमन्या पोरी उन्यात ना!"

त्यात रुसवा नव्हता, म्हणूनच ते फार लागले. त्याच रात्री माझे कीर्तन होते. संतांनी पंढरीला माहेर म्हटले, त्यावर मी बोललो. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. आणि मी मात्र मनात म्हणत होतो की, अरे, सकाळी एकीचे माहेर बंद करून आलास, आता कुणाला माहेर दाखवतोस?

कोणी म्हणेल, सालाचे पैसे दिले ना? दिले. पण साल ठरले ते नवऱ्याशी. बायकोचे हात त्या ठरावात कुठे होते? ते आपण धरूनच चालतो. दुसरा म्हणेल, लेकींना माहेर करणे हाही गृहस्थाचा धर्मच की. तेही खरे. मनुस्मृतीत सांगितले आहे की, घरच्या चाकरांचे जेवण झाल्यावर उरलेले पतिपत्नींनी खावे. (त्या ग्रंथातले पुष्कळसे आम्हां वारकऱ्यांना मानवणारे नाही, पण हे मानवते.) तेवढे आम्ही केले होते. ती आमच्या आधी जेवली होती, तिला लुगडेही दिले होते. मग राहिले काय? राहिले ते हेच, की जे दिले ते आमचे होते, आणि जे घेतले ते तिचे होते, तिला न विचारता घेतलेले. दिल्याने घेतलेले फिटत नाही. या तिथीला केलेले दान अक्षय होते असे आपण म्हणतो. मग त्याच तिथीला घेतलेलेही अक्षय होणार नाही, असे कोणत्या शास्त्राने म्हणावे?

मी हे मंडळींना सांगितले. ती म्हणाली, "सगळं खरं, पण मांडे कोण करणार? तुम्ही?" यावर माझ्या पाठशाळेत काही शिकविलेले नव्हते.

पुढच्या आखाजीला तिला दोन दिवस आधीच धाडले. लेकी स्वतः खापरापुढे बसल्या. मांडे जाड झाले, दोन फाटले, जावई हसले. नंतर हिशेबाला बसलो तेव्हा वहीत तिचे नाव निराळे लिहून तिची मजुरी मांडली. सालदाराने ते वाकून पाहिले आणि विचारले, "महाराज, हाई कसाले?"

मला लवकर उत्तर सुचले नाही.